मालमोटारीचा नियंत्रक संगणक : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

नाशिक जिल्ह्यातील कांदा, जळगावची केळी, कोल्हापूरची साखर आणि चंद्रपूरचे सिमेंट यांच्या वाटा वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांचे वाहन बहुधा एकच असते. ते म्हणजे मालमोटार. या व्यवसायात एक किंवा दोन गाड्या बाळगणारे मालक मोठ्या संख्येने आहेत. अशा मालकाची गाडी आठवडाभर उभी राहिली, की कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार आणि घरखर्च ही तिन्ही गणिते एकाच वेळी कोलमडतात. गाडीत नाशवंत माल भरलेला असेल, तर शेतकऱ्याच्या नुकसानीची त्यात भर पडते.

अलीकडच्या काळात गाडी बंद पडण्याच्या कारणांत एका नव्या निदानाची भर पडली आहे. ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला’, हे ते निदान. हे शब्द कानी पडताच मालकाचे धाबे दणाणते; कारण ही पेटी बदलण्याचा खर्च हजारो रुपयांचा असतो. हे निदान प्रत्येक वेळी खरेच असते असे मात्र नाही. पुष्कळदा दोष एखाद्या गंजलेल्या जोडात, घासल्या गेलेल्या तारेत किंवा दुबळ्या बॅटरीत असतो आणि शिक्षा मात्र संगणकास होते. यास्तव नियंत्रकास दोषी ठरविण्यापूर्वी कोणत्या कसोट्या घ्याव्यात आणि तो खरोखरच निकामी झाला असल्यास कोणत्या रीतीने बदलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मायको पंपापासून संगणकापर्यंत

जुन्या पिढीच्या मालमोटारीत डिझेलचे माप ठरविण्याचे काम यांत्रिक पंप करीत असे. ‘मायको पंप’ या नावाने तो महाराष्ट्रातील प्रत्येक मिस्त्रीच्या परिचयाचा होता. त्याच्या अंगी असलेला गव्हर्नर, स्प्रिंगा आणि वजने यांच्या साहाय्याने इंजिनाचा वेग सांभाळी. तेथे विजेचा संबंध फारसा येतच नसे. एकदा सुरू झालेले इंजिन बॅटरी निकामी झाली तरी बहुधा चालत राही.

प्रदूषणाची मानके कडक होत गेली, तशी ही स्थिती पालटली. १९९७ साली युरोपातील मोटारगाड्यांत कॉमन रेल ही पद्धती आली. तीत सर्व सिलिंडरांसाठी एकच उच्चदाबाची नळी असते आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्याने उघडतो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून ‘भारत स्टेज-४’ ही मानके देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ ही मानके आली. या मधल्या तीन वर्षांत रस्त्यावर आलेल्या बहुतेक मालमोटारींत इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे आहे. २०१७ साली नोंदलेली गाडी आज आठ वर्षांहून जुनी झालेली आहे. तिच्या तारांवरील आवरणे कडक झाली आहेत, जोडांत आठ पावसाळ्यांचे पाणी गेले आहे आणि मूळ मालकाकडून ती बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे आली आहे. नियंत्रकाविषयीच्या तक्रारी वाढण्याचे हे वय आहे.

नियंत्रकाचे कार्य

मिस्त्री मंडळी ज्यास ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ म्हणतात, तो नियंत्रक म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेटीत बंद केलेला लहानसा संगणक होय. काही गाड्यांत तो इंजिनाच्या अंगावर, तर काहींत चेसिसवर किंवा केबिनमध्ये बसविलेला असतो. त्याचे काम तीन भागांत सांगता येईल.

पहिले काम माहिती घेण्याचे. क्रँक आणि कॅम यांचे सेन्सर इंजिनाची स्थिती कळवितात. अन्य सेन्सर रेलमधील दाब, कूलंटचे तापमान आणि टर्बोचा दाब सांगतात. अॅक्सिलरेटरच्या पायपट्टीतही सेन्सर असतो. त्यात सामान्यतः दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्यावरून ते ओळखता यावे. दुसरे काम निर्णयाचे. स्मृतीत साठविलेल्या कोष्टकांवरून कोणत्या क्षणी किती डिझेल सोडावे, हे नियंत्रक ठरवितो. तिसरे काम हुकूम सोडण्याचे. तो इंजेक्टर उघडतो, रेलचा दाब कमीअधिक करतो आणि धूर नियंत्रित करणाऱ्या यंत्रणांना चालना देतो.

या तिन्ही कामांसाठी त्याला स्थिर वीज आणि निर्दोष तारा लागतात. त्या न मिळाल्यास निरोगी नियंत्रकही बिघडल्यासारखा वागू लागतो. निदानातील बहुतेक घोटाळे येथेच होतात.

लक्षण एक, कारणे अनेक

सेल्फ फिरतो पण इंजिन सुरू होत नाही. चालती गाडी घाटात अचानक बंद पडते व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. गाडीची ओढ एकाएकी कमी होते. फलकावरील तांबडा वा पिवळा दिवा जात नाही. स्कॅनर लावला असता संपर्कच होत नाही. या सर्व तक्रारी नियंत्रकाच्या दोषाने होऊ शकतात. परंतु डिझेलचा फिल्टर चोंदल्याने, क्रँक सेन्सर तापून बंद पडल्याने, मुख्य रिलेचे संपर्क जळाल्याने किंवा अर्थची पट्टी सैल झाल्यानेही नेमक्या याच तक्रारी उद्भवतात.

स्कॅनरवर उमटणाऱ्या दोषसंकेतांबाबतही गैरसमज आढळतो. ‘रेल दाब सेन्सर : विद्युतदाब कमी’ असा संकेत आला, म्हणजे सेन्सर गेला असे नव्हे. त्या सर्किटात अपेक्षेपेक्षा कमी विद्युतदाब नियंत्रकाला आढळला, एवढाच त्याचा अर्थ. दोष सेन्सरमध्ये, तारेत, जोडात किंवा नियंत्रकात, कोठेही असू शकतो. संकेत तपासाची दिशा दाखवितो. निवाडा तपासानेच करावयाचा असतो.

सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे दिसतात काय, हे पाहणे उपयुक्त ठरते. फेरे दिसत असतील, तर क्रँक सेन्सर इशारा देत आहे आणि नियंत्रक तो वाचीत आहे, असे समजावे. अशा वेळी रेलचा दाब पाहावा. इंजिन सुरू होण्यापुरता दाब तयार होत नसेल, तर प्रथम डिझेलची बाजू तपासावी. मात्र इंजिन चालू असताना उच्चदाबाच्या नळीची चकती सैल करून पाहण्याची जुनी सवय येथे प्राणघातक ठरू शकते. कॉमन रेलमधील दाब १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो आणि त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते.

प्रथम बॅटरी, मग अर्थ

तपासाचा आरंभ बॅटरीपासून करावा. बहुतेक मालमोटारींत १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. पूर्ण भारित बॅटऱ्यांचा विद्युतदाब गाडी बंद असता २५ व्होल्टांहून थोडा अधिक असावा. सेल्फ मारताना तो साधारणतः १९ व्होल्टांखाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर २८ व्होल्टांच्या आसपास यावा. दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणेही मोजाव्यात. गाणी लावण्यासाठी किंवा जादा दिव्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले असतील, तर ती बॅटरी लवकर खचते आणि दुसरीलाही खेचते.

त्यानंतर फ्यूज व मुख्य रिले पाहून नियंत्रकाच्या जोडणीपर्यंत वीज पोहोचते की नाही, हे तपासावे. येथे एक चूक सर्रास होते. मल्टिमीटरने तार ‘सलग’ दाखविली, की ती निर्दोष मानली जाते. वास्तविक मल्टिमीटर तपासणीसाठी अत्यल्प प्रवाह वापरतो. दहा धाग्यांच्या तारेतील एकच धागा शिल्लक असला, तरी तो तार सलग असल्याचे दाखवील. समजा, गंजलेल्या एका जोडात अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला आहे. नियंत्रकाने १० अँपिअर प्रवाह मागितला, की त्या जोडात ५ व्होल्ट वाया जातात. सेल्फ मारताना बॅटरीवर १९ व्होल्ट असले, तर नियंत्रकाला केवळ १४ मिळतात.

म्हणून तारांची परीक्षा भार टाकून घ्यावी. नियंत्रकाची जोडणी काढून, तिच्या वीज आणि अर्थ यांच्या टोकांवर २४ व्होल्टांचा, २१ वॅटचा साधा दिवा लावावा. तो लख्ख पेटला आणि त्याच्या दोन टोकांवरील विद्युतदाब बॅटरीच्या विद्युतदाबापेक्षा अर्ध्या व्होल्टाहून अधिक कमी नसला, तर पुरवठा ठीक आहे असे मानावे. जोडणीत एकाहून अधिक अर्थ असतात. त्यांपैकी प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्यावी. दिवा मंद पेटल्यास बॅटरीपासून चेसिसला व चेसिसपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या सोडवून, रंग आणि गंज खरवडून त्या पुन्हा आवळाव्यात. कित्येक ‘गेलेले’ संगणक या कामानेच पुन्हा चालू लागतात. दिव्याची ही परीक्षा वीज व अर्थ यांच्या जाड तारांपुरतीच ठेवावी. सेन्सरच्या वा संदेशाच्या तारांवर आणि नियंत्रकाच्या पिनांवर दिवा कधीही लावू नये.

पाच व्होल्टची कसोटी

नियंत्रक अनेक सेन्सरांना ५ व्होल्टांचा स्थिर पुरवठा करतो. बहुधा एकाच पुरवठ्यावर दोन-तीन सेन्सर असतात. त्यांपैकी एकाची तार इंजिनाच्या कंपनाने घासली जाऊन लोखंडाला टेकली, की तो पुरवठा शून्यावर येतो व त्यावरील सर्व सेन्सर एकदम गप्प होतात. स्कॅनरवर तीन-चार दोषसंकेत एकत्र उमटतात. ‘इतके सेन्सर एकाच वेळी कसे जातील? संगणकच गेला असला पाहिजे’, असा तर्क मग केला जातो. तर्काचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा घाईचा आहे.

याची परीक्षा सोपी आहे. किल्ली चालू ठेवून ५ व्होल्टांच्या तारेवर मल्टिमीटर लावावा आणि त्या पुरवठ्यावरील सेन्सर एकेक करून काढावेत. एखादा सेन्सर काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरमध्ये आहे. सर्व काढूनही आले नाहीत, तर दोष तारेत किंवा नियंत्रकात आहे. मग किल्ली व बॅटरी बंद करून नियंत्रकाची जोडणी काढावी आणि ती तार अर्थला टेकते काय, हे मोजावे. अशा रीतीने काही मिनिटांत संशयितांची संख्या कमी होत जाते.

स्कॅनरशी संपर्क होत नसल्यास संदेशवाहक तारांची जोडी तपासावी. ‘कॅन’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. तिच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी बंद करून या दोन तारांमधील रोध मोजल्यास तो ६० ओहमच्या जवळ यावा. १२० आल्यास एका टोकाचा रोधक तुटला आहे. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींना टेकल्या आहेत. काही गाड्यांत एक रोधक नियंत्रकाच्या पोटातच असतो. म्हणून हे माप नियंत्रक जोडलेला असतानाच घ्यावे.

नियंत्रकास दोषी केव्हा ठरवावे

वीज आणि अर्थ भाराखाली ठीक आहेत, सर्व सेन्सर काढले आहेत, तारा निर्दोष आहेत आणि तरीही ५ व्होल्ट बाहेर येत नाहीत. किंवा इंजेक्टर व त्याची तार उत्तम असूनही एका सिलिंडरचा इशाराच निघत नाही. किंवा जोडणीच्या पिना हिरव्या पडून पेटीत पाणी शिरले आहे. अशा स्थितीत नियंत्रक निकामी झाला, असे म्हणता येईल. शक्य असेल तेथे त्याच जातीच्या चालू गाडीतील पिनांची मापे घेऊन तुलना करावी. आपला नियंत्रक दुसऱ्याच्या गाडीत लावून पाहणे मात्र टाळावे.

दोषी ठरविल्यानंतर आणखी एक प्रश्न उरतो : तो का गेला? आतून शॉर्ट झालेल्या इंजेक्टरने त्याचा भाग जाळला असेल, तर नवा नियंत्रकही त्याच इंजेक्टरला बळी पडेल. कारण शोधल्यावाचून नवी पेटी बसविणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

नवा, दुरुस्त केलेला की जुन्या बाजारातील?

उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातून घेतलेला नवा नियंत्रक महाग पडतो, पण त्यात त्या चेसिस क्रमांकासाठी योग्य आज्ञावली भरून मिळते. जळालेला भाग बदलून मूळ पेटीच दुरुस्त करून घेणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात गाडीची मूळ माहिती टिकण्याचा संभव असतो. तथापि काम जाणकाराकडून करवून, लेखी हमी घेऊनच पैसे द्यावेत.

तिसरा मार्ग मोडीत काढलेल्या गाड्यांच्या बाजाराचा. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांच्या आतील माहिती भिन्न असू शकते. एकच इंजिन निरनिराळ्या अश्वशक्तींत, निरनिराळ्या गिअर-पेट्यांसह व धूर-नियंत्रणाच्या निरनिराळ्या पद्धतींसह विकले जाते. म्हणून पेटीवरील भाग क्रमांक आणि आज्ञावलीचा क्रमांक हे दोन्ही जुळल्यावाचून खरेदी करू नये. चोरी-प्रतिबंधक यंत्रणा असलेल्या गाडीत, दुसऱ्या गाडीचा नियंत्रक रीतसर नोंदविल्यावाचून इंजिन सुरूच होणार नाही.

बदलण्याची रीत

जुना नियंत्रक बोलत असेल, तर प्रथम त्यातील माहिती उतरवून घ्यावी : चेसिस क्रमांक, आज्ञावलीचा क्रमांक, वेगमर्यादा, धावलेले किलोमीटर आणि इंजेक्टरांचे संकेतांक. कोणतेही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे तयार होत नाहीत. त्यांच्यातील सूक्ष्म फरक अक्षर-अंकांच्या संकेतांकाने प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला असतो. नियंत्रक बोलत नसेल, तर हे संकेतांक इंजेक्टरांवरून, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर लिहून घ्यावेत.

यानंतर किल्ली बंद करून काही मिनिटे थांबावे. किल्ली बंद झाल्यावरही नियंत्रक आपली माहिती स्मृतीत लिहिण्यासाठी थोडा वेळ जागा असतो. मग बॅटरीची ऋण तार काढावी. चेसिसच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि पिनांना बोट लावू नये. जोडणीचा अडकवा उचलूनच ती सोडवावी. पेचकसाने उचकटू नये. आतील पिना वाकल्या किंवा हिरवट झाल्या आहेत काय आणि रबरी पॅकिंग शाबूत आहे काय, हे पाहावे. नवी पेटी मूळ रबरी बैठकीवर, मूळ अर्थपट्टीसह बसवावी.

आज्ञावली भरावयाची असल्यास बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडलेला असावा. भरण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज पडली, तर नवी पेटी जागच्या जागी निकामी होऊ शकते. त्यानंतर इंजेक्टरांचे संकेतांक क्रमाने भरावेत. ते न भरल्यास इंजिन चालेल, परंतु खडखड, धूर व डिझेलचा खप वाढेल आणि दोष पुन्हा नियंत्रकावरच येईल. शेवटी दोषसंकेत पुसून, गाडी भारासह चालवून, ते पुन्हा वाचावेत. संकेत परतला नाही, म्हणजे काम पूर्ण झाले.

एक धोक्याची पळवाट

नियंत्रक उघडलाच आहे, तर धूर-नियंत्रणाची यंत्रणा ‘बंद करून देतो, युरियाचा खर्च वाचेल’, असे आमिष काही ठिकाणी दाखविले जाते. त्यापासून मालकांनी दूर राहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यास प्रतिबंध केला आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या सुधारणेने केली. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी त्या धुराचा पहिला वाटेकरी गाडीतील चालक आणि रस्त्याकाठचे गाव हेच असतात.

नियंत्रक टिकावा म्हणून

नियंत्रकाचे आयुष्य वाढविणे मालकाच्या हाती आहे. चेसिसवर किंवा बॉडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा व नियंत्रकाची जोडणी काढावी आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये; त्या क्षणी अल्टरनेटरचा विद्युतदाब एकदम उसळतो. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना धन-ऋण टोके दोनदा पाहावीत. गाडी धुताना जोराच्या पाण्याची धार नियंत्रकावर व जोडण्यांवर मारू नये. जादा हॉर्न किंवा दिवे यांसाठी नियंत्रकाच्या तारांना टोचण देऊ नये. धान्य वाहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हे पावसाळ्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे. या दक्षतेला फारसा पैसा लागत नाही.

यांत्रिक पंपाच्या काळात महाराष्ट्रातील मिस्त्रीने कानाने इंजिन ओळखण्याची विद्या कमावली. ती आजही निरुपयोगी झालेली नाही. तिला मल्टिमीटर, तारांचा नकाशा आणि मोजून निर्णय घेण्याची सवय यांची जोड हवी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी ही सवय प्रथमपासून अंगी बाणवावी. मालकांनीही ‘संगणक गेला’ हे ऐकताच पैसे काढण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : भाराखाली वीज किती मिळाली? अर्थ तपासला काय? पाच व्होल्टची कसोटी घेतली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आकड्यांत मिळाली, तर अनावश्यक खर्च टळेल, उभी गाडी लवकर रस्त्याला लागेल आणि शेतकऱ्याचा माल वेळेवर बाजारात पोहोचेल.